पाठीराखा होताना: बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीचा आवाज तिचाच राहावा यासाठी

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तीच्या आयुष्यातील मोठे निर्णय बहुधा तिच्या गैरहजेरीत घेतले जातात, आणि ती हजर असली तरी चर्चा तिच्याशी न होता तिच्याविषयी होते. ती कोठे राहणार, कोणाबरोबर राहणार, दिवसभर काय करणार, कोणते औषध घेणार, तिचे पैसे कोणाच्या ताब्यात असणार, हे ठरवणारी माणसे सहसा दुष्ट नसतात. बरीचशी तिच्यावर मनापासून प्रेम करणारी असतात आणि त्यामुळेच त्यांना आडवे जाणे अधिक अवघड असते. ही परिस्थिती बदलण्याच्या कामाचे दोन भाग आहेत. एक म्हणजे ॲडव्होकसी, म्हणजे त्या व्यक्तीच्या पाठीशी उभे राहून तिची बाजू ऐकली जाईल असे पाहणे. दुसरा म्हणजे सेल्फ-ॲडव्होकसी, म्हणजे तिने स्वतःची बाजू स्वतः मांडणे. हा लेख या कामात नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी, नातेवाइकांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी आहे. केवळ वाचन, लेखन किंवा गणित यांपुरती अडचण असलेल्या व्यक्तींचे प्रश्न वेगळे असल्यामुळे ते येथे घेतलेले नाहीत. समजून घेण्यासाठी आणि रोजचे व्यवहार सांभाळण्यासाठी ज्यांना लहानपणापासून अधिक वेळ व आधार लागतो, त्यांच्याविषयी हे लेखन आहे.

पहिली पायरी: आपण कोणाच्या बाजूचे, हे आधी ठरवा

पाठीराख्याचे काम असे की, त्या व्यक्तीला जे हवे आहे ते तिला सांगता यावे आणि समोरच्यांना ते टाळता येऊ नये. तिच्या हिताचे काय हे सांगणारे डॉक्टर, समाजकार्यकर्ते, व्यवस्थापक आणि आप्तेष्ट तिच्याभोवती आधीच पुष्कळ असतात. त्या यादीत आपल्या नावाची भर घालण्याची गरज नाही. तिला जे हवे आहे ते तुम्हाला स्वतःला पटत नसेल, तरीही ते तिच्या वतीने प्रामाणिकपणे मांडता येईल का, हा प्रश्न काम स्वीकारण्यापूर्वीच स्वतःला विचारावा. उत्तर नकारार्थी असेल तर तुम्ही चांगले मित्र किंवा काळजीवाहक होऊ शकाल. पाठीराखा मात्र दुसरा कोणी असावा.

हितसंबंधांचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवावा लागतो. ज्या संस्थेविरुद्ध उद्या तक्रार करावी लागेल तिच्याकडूनच तुम्हाला पगार मिळत असेल, तर ऐन वेळी तुमचा आवाज खाली येतो, मग तुमचा हेतू कितीही स्वच्छ असो. आईवडिलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. आज उपलब्ध असलेल्या कितीतरी सेवा पालकांनी झगडून मिळवलेल्या आहेत, आणि मूल लहान असताना त्यांच्याइतका खंबीर पाठीराखा दुसरा नसतो. परंतु मूल प्रौढ झाले आणि घराबाहेर राहणे, जोडीदार, लग्न किंवा पैसे असे विषय निघाले, की पालकांची काळजी आणि त्या व्यक्तीची इच्छा यांच्या वाटा वेगळ्या होऊ शकतात. तेव्हा स्वतंत्र पाठीराखा मागवणे म्हणजे पालकांवर अविश्वास दाखवणे नव्हे, हे त्यांना सुरुवातीलाच आणि आदराने सांगावे.

दुसरी पायरी: ऐकायला शिका, आणि ऐकलेले तपासून पाहा

पहिल्या काही भेटी कोणताही प्रश्न सोडवण्यासाठी नसाव्यात. ती व्यक्ती कशी बोलते, नको असेल तेव्हा काय करते, दिवसाच्या कोणत्या वेळी तिचे लक्ष टिकते, कोणासमोर गप्प होते, हे पाहावे. ज्या कर्मचाऱ्यावर ती अवलंबून आहे तो शेजारी बसलेला असताना मिळालेली उत्तरे अंतिम मानू नयेत. शक्य असेल तर भेटीची जागा तिला निवडू द्यावी.

नवख्या माणसाला हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे ‘हो’. वर्षानुवर्षे ज्यांचा नकार कोणी मानला नाही, त्यांना होकार देणे सोयीचे वाटू लागते. शिवाय प्रश्न नीट कळला नाही तरी ‘हो’ म्हटले की समोरचा खूश होतो, हे त्यांनी अनुभवाने ओळखलेले असते. अमेरिकेत कॅरोल सिगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात होकाराकडे झुकण्याची ही प्रवृत्ती स्पष्ट दिसली होती. म्हणून महत्त्वाचा प्रश्न दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या प्रकारे विचारावा. ‘तुम्हाला येथे राहायला आवडते का?’ या प्रश्नाला होकार आला, तर काही वेळाने ‘दुसरीकडे राहायला आवडेल का?’ असेही विचारून पाहावे. दोन्हींना होकार आला, तर अजून उत्तर मिळालेले नाही असे समजावे. दोन पर्याय तोंडी ठेवले असता शेवटचा पर्याय उचलला जाण्याचीही शक्यता असते, त्यामुळे पर्यायांचा क्रम बदलून विचारणे आणि चित्रे, छायाचित्रे किंवा प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवणे उपयोगाचे ठरते. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात विकसित झालेली ‘टॉकिंग मॅट्स’ ही पद्धत याच तत्त्वावर चालते. आवडते, आवडत नाही आणि नक्की सांगता येत नाही अशा तीन भागांत व्यक्ती चित्रे लावते, आणि लावून झालेल्या मांडणीचे छायाचित्र हीच तिच्या मताची नोंद ठरते.

तथापि, नव्या घराचे चित्र दाखवणे आणि ते घर दाखवणे यांत फरक आहे. जे कधी पाहिलेच नाही त्याविषयी मत कसे असणार? दोन पर्यायांपैकी एकाचाच अनुभव असेल तर ती व्यक्ती निवड करत नसून ओळखीच्या गोष्टीला धरून राहत असते. म्हणून निर्णयापूर्वी नवी जागा पाहणे, तेथे एक दिवस घालवणे, जमल्यास रात्री मुक्काम करणे, यांचा आग्रह पाठीराख्याने धरावा.

वर्तन हेही बोलणेच असते. एकाएकी जेवण सोडणे, डोक्यावर मारून घेणे किंवा रात्रभर जागणे यामागे दातदुखी, कानाचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठता असू शकते. पण ‘हिच्या अक्षमतेमुळे असेच होते’ असे म्हणून तपासणीच न होण्याचे प्रकार आरोग्यसेवेत सर्वत्र आढळतात. अशा वेळी ‘हीच लक्षणे दुसऱ्या कोणा प्रौढ व्यक्तीत दिसली असती तर तुम्ही कोणत्या तपासण्या केल्या असत्या?’ हा एकच प्रश्न डॉक्टरांना शांतपणे विचारावा. त्याचा उपयोग होतो.

तिसरी पायरी: निवडीची सवय लहान गोष्टींतून

ज्या व्यक्तीने सकाळी कोणते कपडे घालायचे हेही कधी ठरवले नाही, तिने एकदम बैठकीत उभे राहून घर बदलण्याविषयी बोलावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. रोजच्या निवडींपासून सुरुवात करावी: कधी उठायचे, काय खायचे, कोणाला खोलीत येऊ द्यायचे. यातील कळीची अट अशी की, निवडीचा परिणाम प्रत्यक्षात दिसला पाहिजे. विचारायचे आणि मग नेहमीचेच करायचे, असे दोनतीनदा झाले की ती व्यक्ती पुढच्या वेळी उत्तर देण्याचे कष्ट घेत नाही, आणि मग तिला मतच नसते असा निष्कर्ष काढला जातो. ‘नाही’, ‘थांबा’, ‘मला समजले नाही’ आणि ‘मी नंतर सांगेन’ ही चार वाक्ये, शब्दांनी किंवा खुणेने, सर्वांत आधी पक्की व्हावीत. संकोच वाटत असेल तर आरशासमोर, मित्राबरोबर किंवा फोनवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून सराव करता येतो.

चौथी पायरी: बैठकीची तयारी

बहुतेक लढाया बैठकीपूर्वीच जिंकल्या किंवा हरल्या जातात, म्हणून या पायरीवर वेळ घालवण्यात कंजुषी करू नये. समजा, एका व्यक्तीला ती राहते त्या निवासगृहातून दुसरीकडे हलवण्याचा विचार चालू आहे आणि त्यासाठी बैठक बोलावली आहे. सर्वप्रथम तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: नेमका निर्णय कोणता घ्यायचा आहे, तो घेण्याचा अधिकार कोणाचा आहे, आणि तो कोणत्या कायद्याच्या किंवा धोरणाच्या आधारे घेतला जाणार आहे. निर्णय आधीच झालेला असून बैठक केवळ तो कळवण्यासाठी आहे, असे या उत्तरांतून उघड झाल्यास बैठकीपूर्वीच लेखी हरकत नोंदवावी.

त्यानंतर कागदपत्रे सोप्या भाषेत मागवावीत. ‘इन्क्लूजन युरोप’ या संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेले सोप्या वाचनाचे निकष यासाठी चांगला आधार आहेत: अक्षरे किमान १४ पॉइंटची असावीत, वाक्ये लहान असावीत, एका वाक्यात एकच मुद्दा असावा, अवघड शब्द टाळावेत किंवा समजावून सांगावेत, आणि मजकूर तयार करताना बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींचा सहभाग असावा. यातील शेवटचा निकष हमखास गाळला जातो आणि मग ‘सोपे’ म्हणून जे हाती येते ते अधिकाऱ्याच्या कल्पनेतले सोपे असते. असा कागद मिळालाच नाही, तर तुम्ही दोघांनी मिळून तो तयार करावा.

मग त्या व्यक्तीबरोबर बसून तिचे मुद्दे ठरवावेत. तीन पुरेत. ते तिच्याच शब्दांत लिहावेत, चित्रांनी मांडावेत किंवा ध्वनिमुद्रित करावेत. ‘मला माझ्या मैत्रिणीपासून लांब जायचे नाही’ हे वाक्य सुधारून ‘सामाजिक संबंधांचे सातत्य राखले जावे’ असे करू नये. पहिल्या वाक्यात माणूस दिसतो, दुसऱ्यात फाइल. कोणता मुद्दा ती स्वतः बोलणार, कोणता तुम्ही वाचून दाखवणार, आणि कोणत्या गोष्टी बैठकीत काढायच्या नाहीत, हेही आधीच ठरवावे. बैठकीची खोली शक्य असल्यास आदल्या दिवशी पाहून यावी. कोण कोण येणार आहे त्यांची छायाचित्रे मिळाली तर उत्तमच. एकाच वेळी दहा जण येणार असतील, तर त्यांपैकी किती जणांची खरोखर गरज आहे असे विचारायला संकोच करू नये.

सेल्फ-ॲडव्होकसीच्या अनेक गटांत रंगीत कार्डे वापरली जातात: लाल म्हणजे थांबा, पिवळे म्हणजे हळू बोला किंवा पुन्हा समजावून सांगा, हिरवे म्हणजे ठीक आहे. या कार्डांचा अर्थ बैठक सुरू होण्यापूर्वी सर्वांना सांगावा लागतो. आणि लाल कार्ड वर गेल्यावर अध्यक्षांनी खरोखर थांबावे, हे पाहणे तुमचे काम.

पाचवी पायरी: बैठकीत

तुम्ही त्या व्यक्तीच्या शेजारी बसा, समोर नको. कोणी तुमच्याकडे पाहून ‘त्यांना काय वाटते?’ असे विचारले, तर उत्तर न देता तिच्याकडे पाहावे आणि थांबावे. ही शांतता इतरांना असह्य होते, होऊ द्यावी. उत्तर यायला वेळ लागणे म्हणजे उत्तर नसणे नव्हे. तिच्या वतीने बोलण्याची वेळ आलीच तर ‘मला वाटते’ असे न म्हणता ‘त्यांनी मला असे सांगितले आहे’ असे म्हणावे आणि तिला ते बरोबर वाटते का, हे तेथेच विचारावे. ऐन बैठकीत तिने मत बदलले, तर बदललेले मतच तिचे मत असते, मग तुमची सगळी तयारी वाया गेली तरी चालेल. मात्र कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून तिने मत बदलले अशी शंका आल्यास दहा मिनिटांची विश्रांती मागावी आणि बाहेर जाऊन तिला पुन्हा विचारावे.

बैठक संपण्यापूर्वी काय ठरले, कोण ते करणार आणि कधीपर्यंत, हे मोठ्याने वाचून घ्यावे. तिची असहमती असेल तर ती इतिवृत्तात तिच्या शब्दांत नोंदवली गेली पाहिजे. इतिवृत्त आठवड्याभरात आले नाही, तर आपल्या टिपणांवरून पत्र पाठवावे: ‘बैठकीत पुढील गोष्टी ठरल्या असे आम्हाला समजले आहे; काही चुकत असल्यास कळवावे.’ पुढे तक्रार किंवा अपील करण्याची वेळ आली, तर हेच पत्र पुरावा म्हणून उपयोगी पडते.

धोका, कायदा आणि गोपनीयता

बैठकीत सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘सुरक्षितता’. तिला महत्त्व नाही असे नाही, परंतु एखाद्या माणसाला सर्व धोक्यांपासून दूर ठेवायचे म्हणजे त्याला जगण्यापासूनच दूर ठेवावे लागते. अपंगत्वाविषयी लिहिणारे अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्येच धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते, असा विचार मांडला होता. इंग्लंड आणि वेल्सचा २००५ चा मानसिक क्षमता कायदा तर स्पष्टच सांगतो की, एखादा निर्णय इतरांना शहाणपणाचा वाटत नाही एवढ्यावरून ती व्यक्ती निर्णयक्षम नाही असे मानता येत नाही. व्यवहारात ‘हे धोक्याचे आहे’ असे कोणी म्हटले, की नेमका कोणता धोका, तो कितपत संभवतो, तो कमी कसा करता येईल, आणि ही गोष्ट करू दिली नाही तर काय गमवावे लागेल, असे प्रश्न क्रमाने विचारावेत. एकटीने बसने प्रवास करण्याचा प्रश्न बहुधा यांतूनच सुटतो: आधी कोणाबरोबर तरी, मग कोणी मागच्या सीटवर, मग फोनच्या आधारावर.

कायद्याच्या बाबतीत नवख्याने एक आंतरराष्ट्रीय दस्तऐवज ओळखीचा करून घ्यावा. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला आणि ३ मे २००८ पासून अमलात आला. त्याच्या १२ व्या कलमानुसार अपंग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता असते आणि ती वापरण्यासाठी लागणारा आधार मिळवून देणे हे राज्याचे कर्तव्य ठरते. त्यावर २०१४ मध्ये कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या समितीने केलेल्या भाष्यात म्हटले आहे की, प्रौढांच्या बाबतीत ‘सर्वोत्तम हित’ या कसोटीऐवजी त्या व्यक्तीची इच्छा आणि पसंती यांचा शक्य तितका योग्य अर्थ लावला जावा. पेरूने २०१८ मध्ये आणि कोलंबियाने २०१९ मध्ये आपले कायदे त्या दिशेने बदलले; इतर अनेक देशांत पालकत्वाची जुनी व्यवस्था, म्हणजे कायदेशीर आदेशाने त्या व्यक्तीच्या निर्णयांचा अधिकार दुसऱ्या कोणाला देणे, अजून चालू आहे. म्हणून कोणी ‘मी त्यांचा कायदेशीर पालक आहे’ असे सांगितले, तर आदेशाची प्रत पाहायला मागावी. आदेश बहुधा ठरावीक बाबींपुरता असतो, तर व्यवहारात तो सर्वच बाबींना लावला जातो.

गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत सांगून ठेवावी. तिने सांगितलेले तुम्ही इतरांना सांगणार नाही. मात्र कोणी तिला मारत असेल, लुबाडत असेल किंवा लैंगिक त्रास देत असेल, तर ते योग्य ठिकाणी कळवावे लागेल, आणि शक्य तोवर ते तिला सांगूनच कळवले जाईल.

शब्दांत सांगू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी

काही व्यक्तींना काय हवे आहे हे बोलून, खुणेने किंवा चित्राने सांगता येत नाही. त्यांना पाठीराख्याची गरज अधिकच असते, पण येथे कल्पनेच्या भराऱ्या मारण्याचा मोह फार. वेगवेगळ्या वेळी जाऊन शांतपणे निरीक्षण करावे, जे पाहिले तेवढेच नोंदवावे, आणि त्या व्यक्तीला दीर्घकाळ ओळखणाऱ्या एकाहून अधिक माणसांशी बोलावे. बैठकीत ‘त्यांना हे हवे आहे’ असा दावा करू नये. त्याऐवजी प्रश्न विचारावेत: या बदलाने त्यांच्या मैत्रीवर काय परिणाम होईल, दिनक्रमावर काय होईल, खासगीपणाचे काय, हाच निर्णय बोलू शकणाऱ्या व्यक्तीबाबत असाच घेतला गेला असता का? अशा प्रश्नांची लेखी उत्तरे मागितली, की घाईने होणारे बरेच बदल आपोआप मंदावतात.

गट उभा करताना

एकट्या व्यक्तीची तक्रार स्वभावदोष म्हणून झटकता येते; तीच तक्रार दहा जणांनी मिळून केली की तो प्रश्न होतो. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात अपंगत्वाच्या क्षेत्रात काम करणारे बेंग्ट निर्ये यांच्या प्रोत्साहनाने बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांची मंडळे सुरू झाली आणि १९७० मध्ये माल्मो येथे त्यांची राष्ट्रीय परिषद भरली. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९७४ मध्ये ‘पीपल फर्स्ट’ हा गट स्थापन झाला. आम्हाला आधी माणूस म्हणून ओळखा, या आग्रहातून ते नाव आले. लंडनमध्ये १९८४ मध्ये त्याच नावाने काम सुरू झाले. या चळवळीतून पुढे आलेले न्यूझीलंडचे रॉबर्ट मार्टिन यांचे बालपण संस्थांमध्ये गेले होते. वर उल्लेखिलेल्या कराराच्या वाटाघाटींत त्यांनी भाग घेतला आणि २०१६ मध्ये त्या कराराच्या समितीवर निवडून आलेले ते बौद्धिक अक्षमता असलेले पहिले सदस्य ठरले.

नवा गट पाचसहा जणांचाही चालतो. जागा शक्यतो सेवा देणाऱ्या संस्थेच्या इमारतीबाहेर असावी, कारण ज्यांच्याविषयी बोलायचे ते भिंतीपलीकडे बसलेले असले की जीभ अडखळते. दिवस आणि वेळ ठरलेली असावी. ये-जा करण्याची सोय आधी पाहावी; गट बंद पडतात ते मतभेदांपेक्षा वाहनाअभावी. अध्यक्ष, खजिनदार आणि नोंदी ठेवणारा सदस्य गटातूनच निवडावेत, नोंदी चित्रांत किंवा ध्वनिमुद्रणात ठेवल्या तरी चालतात. नियम सदस्यांनी करावेत. पहिला विषय लहान आणि जिंकता येण्याजोगा निवडावा: खोलीच्या दाराला आतून कडी, आलेली पत्रे न उघडता हाती मिळणे, कर्मचाऱ्यांनी दार वाजवून आत येणे. हे विषय बाहेरच्यांना क्षुल्लक वाटतात, पण कडी मिळाल्यावर गटाची पुढची बैठक वेगळीच होते.

गटाचा सहायक हे सर्वांत कठीण पद आहे. चहाची व्यवस्था, पत्रव्यवहार आणि वाचन यांत मदत करावी. विषय, मत आणि निष्कर्ष मात्र सदस्यांचे असावेत. सहायकाची नेमणूक करण्याचा आणि त्याला दूर करण्याचा अधिकार गटाकडे असावा. बैठकीत सहायक किती वेळ बोलला हे एखाद्या सदस्याला घड्याळ लावून मोजायला सांगितले, तर पहिल्याच दिवशी बरेच काही कळते.

गटाचे नाव झाले की शासकीय समित्यांची निमंत्रणे येऊ लागतात. ती स्वीकारण्यापूर्वी कागद सोप्या भाषेत आणि पुरेसे आधी मिळतील का, आधारासाठी सोबत येणाऱ्याचा खर्च कोण देणार, इतर तज्ज्ञांना मानधन असेल तर आमच्या सदस्यालाही मिळेल का, आणि आमच्या सूचनेचे काय झाले हे लेखी कळवले जाईल का, असे विचारावे. उत्तरे टाळली गेली, तर तेथे फक्त छायाचित्रापुरती खुर्ची ठेवली आहे असे समजून गटाने नकार द्यायला हरकत नाही.

मागे सरकताना

काम संपवण्याची बोलणी सुरुवातीलाच करावीत: हे काम कोणत्या प्रश्नापुरते आहे आणि तो सुटल्यावर काय, हे त्या व्यक्तीला माहीत असावे. मध्यंतरी दर काही महिन्यांनी तिला एकांतात विचारावे की, तुम्ही तिला पाठीराखा म्हणून हवे आहात की दुसरे कोणी चालेल. हा प्रश्न तुमच्याऐवजी त्रयस्थाने विचारला तर उत्तर अधिक खरे येते. निरोप घेताना तिच्याविषयीची सर्व टिपणे तिच्या हाती द्यावीत किंवा तिच्या संमतीने नष्ट करावीत. पुढच्या अडचणीत कोणाला फोन करायचा त्यांची नावे, छायाचित्रे आणि क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावेत, आणि त्यांपैकी एक फोन तुमच्या समोर तिला स्वतःला लावून पाहू द्यावा.